ब्रेक काढ

शिरूर, ३ फेब्रुवारी २०२५

श्री. लालमहंमद शेख यांस,

पत्राच्या सुरुवातीला सलाम लिहायची रीत आहे. तुमच्या बाबतीत ती अकरा वर्षांपूर्वी बंद झाली, म्हणून थेट कामाचं लिहितो.

आपण भागीत घेतलेला तो जुना चेनसॉ, ज्याला आपण कटर म्हणायचो, माझ्या घरी माळ्यावर गोणपाटात होता. मांडवगण फराट्याला तुम्हाला लागलं, त्यानंतर त्या आठवड्यात मी त्याचा ब्रेक परत बसवला आणि तो गुंडाळून ठेवला. पुन्हा कधी चालवला नाही. आता माझ्या मुलीला तो चालवायचा आहे. जेसिका तुम्हाला आठवत असेल, तेव्हा नववीत होती. शिक्रापूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने झाडांच्या छाटणीचं काम धरलंय. कवठे येमाईच्या पोपटरावांच्या बांधावर अकरा चिंचा आहेत. चिंच उतरवून झाली की मार्चमध्ये त्या छाटायच्या. तिचं पहिलं मोठं काम आहे आणि ती माझं ऐकण्यातली नाही.

कटरचा ब्रेक लागलेल्या स्थितीत अडकलाय. साखळी हालत नाही. शिरूरमध्ये दोन मेकॅनिकांना दाखवलं. दोघांचं एकच, "फेकून द्या तो ब्रेक, काका. सगळे बिगरब्रेकचंच चालवत्यात." माझ्या मुलीच्या हातात बिगरब्रेकचा कटर जाणार नाही. का, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण तिने पोपटरावांना शब्द दिलाय. ब्रेक सुटला नाही तर ती त्या मेकॅनिकांचं ऐकेल, ही मला भीती आहे.

हे मशीन तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय म्हणून पोस्टाने लिहितोय. उत्तर द्यायचं तर द्या.

दानिएल भालेराव


दौंड, ८ फेब्रुवारी

दानिएल,

'तुम्ही' कधीपासून? चौदा वर्षं एका डब्यात जेवलो तेव्हा 'तू', आणि अडल्या हरीवर गाढवाचे पाय धरायची वेळ आली की 'तुम्ही'. शिवी दे, पण 'तू' म्हणून दे. तुझ्या मानपानाने माझ्या अंगाला खाज सुटते.

नंबर ब्लॉक नसता तरी फोनवर काय बोलणार होतो? जबड्यात पट्टी आहे, जिभेचा शेंडा गेलाय. किराणावाला "काय? काय?" करतो आणि शेवटी मीच चिठ्ठी लिहून देतो. अकरा वर्षांत अक्षर चांगलं वळणदार झालंय माझं. तेवढा एक फायदा तू करून दिलास.

माझ्या पाठीमागे तू मशीनचा ब्रेक काढून टाकलास आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस. वीस इंची पातं उसळून माझ्या तोंडावर आलं तेव्हा साखळी थांबवायला मशीनमध्ये काही उरलेलं नव्हतं. आणि आज तू मला विचारतोस की ब्रेक दुरुस्त कसा करू! चोर तो चोर, वर शिरजोर.

तरी लिहितोय ते जेसिकासाठी. ती कामावर यायची तेव्हा माझ्या डब्यातली अंडी संपवायची. तिचा ह्यात दोष नाही.

आता नीट उत्तरं दे, भाषण नको. पुढच्या हँडलसमोर जी ढाल आहे ती हालते का? हालताना टक् असा आवाज येतो का? बाजूचं कव्हर उघडलंस का, की अजून बंद आहे? कव्हरच्या आत पोलादी पट्टी गोल फिरलेली दिसते, तिच्या खाली भुसा बसलाय का, आणि किती? आणि हातोडी कुठे कुठे मारलीस तेही लिही. मारली असशीलच.

लालमहंमद


शिरूर, ११ फेब्रुवारी

लाला,

बरं, 'तू'.

ढाल पुढे गेली आहे आणि तिथेच बसली आहे. मागे येत नाही. टक् नाही, काही नाही. कव्हर मी उघडलं, आणि आता ते परत बसतच नाही. आतली पट्टी आवळलेली आहे, त्यामुळे ती ड्रमवर चढत नाही. पट्टीखाली भुसा आणि तेल मिळून काळी खरवड झालीय. हातोडी एकदाच मारली, तीही लाकडी.

आता भाषण. तुझ्या पाठीमागे मी काही केलं नाही. ब्रेक काढला तो तुझ्या सांगण्यावरून. तूच सांगितलंस, आणि लागल्यावर सगळ्या गावांत बोंब मारलीस की दानिएलने चोरून काढला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्यानंतर दोन तालुक्यांत मला कुणी झाडाला हात लावू दिला नाही. पोरं मला 'ब्रेक्या' म्हणायची. फिटर होतो, दोरावरचा माणूस होतो, आणि दहा वर्षं एका गोदामाच्या फाटकावर काठी घेऊन बसलो.

आणखी एक. तुला चावता येत नव्हतं म्हणून कृपा पातळ पेज घेऊन पुण्याला दवाखान्यात आली होती. शिरूरहून एसटीने, डबा मांडीवर धरून. हसीनाभाभींनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती पेज तिने स्टँडवरच्या कुत्र्यांना घातली. तो डबा आमच्या घरात पुन्हा कुणी वापरला नाही.

कव्हर कसं बसवायचं तेवढं लिही.

दानिएल


दौंड, १५ फेब्रुवारी

दानिएल,

जीभ उचलून टाळ्याला लावायची तर ती पुरती असावी लागते. म्हण लिहिताना निदान समोर कोण आहे ते बघत जा.

मी तुला ब्रेक काढून टाकायला सांगितलं? मी? ज्या माणसाने हे मशीन ब्रेक आहे म्हणूनच घ्यायला लावलं, तो मी? आधीच्या मशीनला ब्रेक नव्हता म्हणून महिनाभर तुझ्या डोक्याशी बसलो होतो. माझ्या तोंडाची चाळण करून वर माझ्याच नावावर खपवतोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

कामाचं. आधी ब्रेक काढ. मग खरवड साफ कर. मग कव्हर बसव. ब्रेक लागलेला असताना ते सात जन्मांत बसणार नाही. हातोडी लाकडीसुद्धा नको.

हसीनाला मी तुझं पत्र दाखवलं नाही.

लालमहंमद


शिरूर, १८ फेब्रुवारी

लाला,

जेसिकाच्या भुवईवर पाच टाके पडलेत.

तू लिहिलंस तसं केलं. 'आधी ब्रेक काढ.' पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. कव्हरमधल्या छोट्या झाकणाचे स्क्रू मीच तिला दाखवले, पेचकसही मीच हातात दिला. म्हटलं, पट्टी आणि स्प्रिंग बाहेर काढायची, साफ करायची, परत घालायची. तिसरा स्क्रू सुटला आणि आतली स्प्रिंग सणकन उडाली. डोळ्याच्या वर लागली. अर्धं बोट खाली लागली असती तर मी आज हे पत्र लिहीत बसलो नसतो, दौंडला येऊन तुझा गळा धरला असता.

आवळलेल्या स्प्रिंगला हात लावायला सांगतोस आणि एक शब्द इशारा देत नाहीस. मुद्दाम केलंस का? तुझं तोंड गेलं म्हणून माझ्या पोरीचा डोळा? हे मी कृपासमोर बोललो. ती म्हणाली, "तसं न्हाई करायचा तो. इचारा त्याला." म्हणून विचारतोय.

शब्दसुद्धा तेच लिहिलेस, 'ब्रेक काढ'. अकरा वर्षांपूर्वी फोनवर जे बोललास ते. आता तर कागदावर आहे, तुझ्या त्या वळणदार अक्षरात. आता नाकबूल कर.

दानिएल


दौंड, २१ फेब्रुवारी

दानिएल,

जेसिकाला कसं आहे ते आधी कळव. डोळा नीट उघडतो का? दिसायला काही त्रास नाही ना? पत्र मिळालं त्या दिवशी नातवाच्या हातून तुझ्या नंबरवर फोन लावायला लावला. तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर तू कधीच उचलत नाहीस, ते मला आठवायला हवं होतं.

आता बैस आणि हे दोनदा वाच.

मी तुझ्याबरोबर यायच्या आधी नऊ वर्षं ट्रकवर होतो. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. घाटात उभा ट्रक हलवायचा असला की उस्ताद ओरडायचा, "लाला, हँडब्रेक काढ!" मग मी काय करायचो? पाना घेऊन हँडब्रेक उपसून रस्त्यावर आणून ठेवायचो? दांडी खाली करायचो. ब्रेक लावला आणि ब्रेक काढला. लागलेला सोडवला म्हणजे काढला. सगळी ड्रायव्हर मंडळी हेच बोलतात, तुझ्या शिरूर डेपोचे एसटीवाले पण.

तू कारखान्यातला फिटर. तुला चाक काढ म्हटलं की चाक, इंजिन काढ म्हटलं की इंजिन. 'काढ' ऐकलं की तुझा हात पान्याकडे जातो. मी 'काढ' लिहिलं ते 'सोडव' म्हणून. तू वाचलंस ते 'खोलून बाहेर काढ' म्हणून. ह्यात कुणी ध चा मा केला नाही रे. शब्द एकच होता.

ब्रेक असा सोडवायचा. स्प्रिंग जागेवर बसवून झाकणाचे स्क्रू आवळून घे, पण हे काम जेसिकाला देऊ नको, तू कर, आणि तोंड बाजूला ठेव. ढाल कव्हरलाच जोडलेली आहे, तेव्हा अख्खं कव्हर डिझेलमध्ये एक दिवस बुडवून ठेव. खरवड मऊ झाली की दात घासायच्या जुन्या ब्रशने काढ. हा 'काढ' तुझाच, बाहेर काढ. ढालीच्या दोन्ही सांध्यांत काडी घालून भुसा कोर. मग कव्हर गोणपाट गुंडाळून शिकंज्यात हलकं धर आणि ढाल मागे ओढ, जिकडे हँडल येतं तिकडे. जोर लागेल. टक् झालं की पट्टी सैल होते, मग कव्हर एका बोटाने बसेल. बसवायच्या आधी पट्टी पेट्रोलने पुसून कोरडी कर. डिझेल राहिलं तर ब्रेक लागूनही साखळी घसरेल, आणि तसला ब्रेक असून नसल्यासारखा.

आता माझा प्रश्न. अकरा वर्षांपूर्वी फोनवर मी काय बोललो? आमच्या सबाच्या साखरपुड्याची गडबड होती, मला आठवत नाही. जसं बोललो तसं लिही. एक शब्द इकडचा तिकडे करू नको.

लालमहंमद


शिरूर, २७ फेब्रुवारी

लाला,

डोळा शाबूत आहे. टाके निघाले. भुवईत एक रेघ राहील. ती म्हणते चालेल, आंबा-चिंचवाल्यांवर वजन पडेल.

डिझेलमध्ये दोन दिवस ठेवलं, एकाने भागलं नाही. ढाल ओढताना जेसिकाला मी ओसरीवरून हाकलली. मी एकटाच ओढत होतो आणि कृपा मागून सूचना करत होती. टक् झालं. कव्हर एका बोटाने नाही पण दोन बोटांनी बसलं. पट्टी पेट्रोलने पुसली. मशीन पेटायला वेळ लागला, पण पेटलं. पुरा वेग दिला, ढाल पुढे ढकलली, साखळी जागच्या जागी थांबली. आणखी सहा वेळा करून बघितलं.

आता तुझा प्रश्न. ह्याचं उत्तर मी मनात इतक्या वेळा दिलंय की मला आठवावं लागत नाही.

कवठ्याला काम होतं, तू साखरपुड्याला दौंडला. मशीन आपल्याला नवं होतं आणि ते रोज तूच धरायचास, मी दोरावर. त्या दिवशी मी धरलं. सुरू झालं पण साखळी फिरेना. तुला फोन केला. मागे बँडबाजा वाजत होता. मी म्हणालो, "आरं लाला, मशीन चालू हाय पन चेन हालत न्हाई. ब्रेक लागलाय वाटतं. काय करू?"

तू म्हणालास, "ब्रेक काढ की मंग. चालंल."

मी विचारलं, "काढू?"

तू म्हणालास, "व्हय, काढ काढ. ठिवतो आता." आणि ठेवलास.

मी पाना घेतला. ढालीचा उपयोग फांदी हाताला लागू नये एवढाच, असं मला तेव्हा वाटायचं. ढाल मागे ओढली की ब्रेक सुटतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. पट्टी आणि स्प्रिंग बाहेर काढून पेटीत ठेवली. मशीन मस्त चाललं. तुला वेगळं काय सांगायचं? तूच सांगितलं होतंस ना. पाचव्या दिवशी मांडवगणला मशीन तुझ्या हातात दिलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. अकरा वर्षं तू मला खोटारडा म्हणालास आणि मी तुला. दोघंही खरं बोलत होतो. असल्या गोष्टीवर हसावं की काय करावं, मला कळत नाही. तू माझं नाव घालवलंस ते चुकून घालवलंस, आणि मी तुझी जीभ घालवली ती चुकून घालवली. माझ्या बाजूने मी म्हणतो, लाला, संपलं. आता तुझं लिही.

दानिएल


शिरूर, १० मार्च

लाला,

मागचं पत्र पोचलं की नाही? अकरा दिवस झाले. रोजे चालू आहेत म्हणून हात चालत नाही असं तर नाही ना? आमचाही उपवासकाळ लागलाय, मी लिहितोय.

संपलं असं मी लिहिलं होतं. तुला पटत नसेल तर नाही म्हण, पण गप्प बसू नको. जेसिका शनिवारी, २२ तारखेला पोपटरावांकडे सुरुवात करणार आहे.

दानिएल


दौंड, १४ मार्च

दानिएल,

पत्र पोचलं होतं. पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी. उत्तर तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहितोय, हे टाकणार आहे.

तू लिहिलंस, संपलं. तसंच सोडून दिलं असतं तर तुला कधी कळलं नसतं. फार सोपं होतं. पण जेसिका शनिवारी मशीनची दोरी ओढणार म्हणालास, म्हणून लिहावं लागतंय.

मशीन घेतल्यापासून सकाळी सुरू करायच्या आधी मी एकदा ढाल ढकलून बघायचो. टक् झालं की काम सुरू. मांडवगणला त्या सकाळी तू मशीन माझ्या हातात दिलंस. मी ढाल ढकलली. ढाल हालली, पण टक् झालं नाही. मागे ओढली, पुन्हा ढकलली. नुसती डुगडुगत होती. आत काही नाही हे मला कळलं, दानिएल. दोरी ओढायच्या आधी कळलं.

तालमीवर तो वठलेला शिरीष कललेला होता. तालमीचे हौसराव आणि चाळीसेक माणसं समोर उभी होती. कुणीतरी म्हणालं, "आला लाला. आता बगा, कसा लोण्यावानी कापतोय." त्या सगळ्यांसमोर मशीन खाली ठेवून, आज ब्रेक नाही, आज काम होणार नाही, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तेव्हा ती पुरती होती. तू सात-आठ पावलांवर दोर धरून उभा होतास. मान वळवून विचारलं असतं, ब्रेक कुठाय रे, तर तू लगेच सांगितलं असतंस. मी मनात म्हणालो, एवढं एक झाड होऊ दे. आणि दोरी ओढली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर हसीनाने पाटी आणली. कसं झालं म्हणून विचारलं. मी लिहिलं, दानिएलने ब्रेक काढला. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं लिहायला पाटीवर जागा होती. मी लिहिलं नाही. हसीनाने कृपावहिनींना दारातून परत पाठवलं तेव्हा मी जागा होतो. मला त्यांचा आवाज ऐकू आला. मी डोळे मिटून घेतले.

नंतर लोक विचारत गेले आणि मी तेच अर्धं लिहून देत गेलो. तुझं काम बंद पडलं, कानावर येत होतं. तू फाटकावर बसतोस हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. एकदा तुझ्या त्या फाटकावरून एसटीने गेलो. तू खुर्चीवर बसला होतास. मी मान खाली घातली.

मी काही मागत नाही. फक्त जेसिकाला सांग, रोज सकाळी, मशीन सुरू करायच्या आधी, ढाल ढकलायची आणि टक् ऐकायचं. ऐकू आलं नाही तर मशीन खाली ठेवायचं. कुणीही समोर उभं असलं तरी.

लालमहंमद


शिरूर, १७ मार्च

लाला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी कृपाने हातातून ओढून घेतलं, कारण मी ते फाडेन असं तिला वाटलं. फाडणार होतो.

शब्दाचा घोळ सापडला तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते मी तुला नीट लिहिलंही नव्हतं. वाटलं, चला, कुणीच लबाड नव्हतं. आठवडाभर मी शिट्टी वाजवत हिंडत होतो, कृपाला विचार. आणि तू त्या आठवड्यात बसून कागद फाडत होतास. अकरा वर्षं तुझ्यावर जो राग धरला तो चुकीचा होता. हा बरोबर आहे, आणि आधीच्यापेक्षा मोठा आहे. मी फक्त चुकलो होतो. तुला माहीत होतं. सात पावलांवर मी उभा होतो आणि तू मान वळवली नाहीस, कारण लोक बघत होते. आणि मग त्याच लोकांना माझं नाव खायला दिलंस.

संपलं असं मी लिहिलं होतं, ते परत घेतो. माफी नाही. तू मागितलीही नाहीस, ते बरं केलंस.

आता ऐक. तू लिहिलंस, जेसिकाला सांग. मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, रोज कोन करतंय ते? ब्रेक तर चालतोय की आता." हसत होती. काल तालुक्याच्या ग्रुपवर तिने टाकलंय की शनिवारी या, बघायला या. पोपटराव खुर्च्या मांडणार आहेत म्हणे. कवठ्याची निम्मी माणसं बांधावर असतील. म्हणजे तिच्यासमोर तुझीच सकाळ उभी राहणार आहे. ती सव्वीस वर्षांची आहे, पण लोकांसमोर तिची मान तुझ्याइतकीच ताठ आहे.

माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकावं लागेल.

शनिवारी सकाळी आठ वाजता पोपटरावांच्या बांधावर ये. दौंडहून पहिली गाडी धर. तुला चहा मिळणार नाही, आणि तो तुझा रोजा आहे म्हणून नाही, मला द्यायचा नाही म्हणून. माझ्याशी बोलायची गरज नाही, मीही बोलणार नाही. जेसिकाच्या समोर उभा राहा, त्या सगळ्या लोकांच्या देखत, आणि तिला सांग: ढाल हालली, टक् झालं नाही, लोक बघत होते, आणि मी दोरी ओढली. चिठ्ठी लिहून आणू नको. तोंडाने सांग.

तुझे शब्द नीट येत नाहीत हे मला माहीत आहे. एकदा सांगून तिला कळणार नाही. ती "काय? काय?" करेल. पुन्हा सांग. तिला ते शब्द पूर्ण समजेपर्यंत मी मशीन माझ्या हातातून सोडणार नाही.

दानिएल